चौदा टेकू

मंगळवारी संध्याकाळी साडेपाच वाजता खोलीत चौदा टेकू होते. नऊ लाकडी, पाच लोखंडी. लाकडी टेकूंपैकी दोन आखूड पडल्यामुळे त्यांच्या बुडाशी विटांचे तुकडे सरकवले होते. टेकूंवर चार आडवे वासे आणि वाशांवर आमच्या घराचा स्लॅब. कोपऱ्यात पाडलेल्या भिंतीच्या शाबूत निघालेल्या विटा, तीनशे साठ. अर्ध्या विटा मी मोजल्या नाहीत. सिमेंटच्या बंद गोण्या तीन, उघडी एक. एक घमेलं, एक थापी, विड्यांची थोटकं सहा. पूर्वेच्या भिंतीतल्या कोनाड्यात देव, लहानमोठे मिळून अकरा, सगळ्यांवर पांढरी धूळ. कामगार चार होते. ते पाच वाजता गेले होते.

हे जून दोन हजार पंधरामधलं आहे. मी त्या वर्षी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले होते आणि निकालानंतरच्या रिकाम्या दिवसांत घरीच होते. आमचं घर सिडकोतलं, एका रांगेत चिकटून बांधलेल्या बारा घरांपैकी सातवं. या घरांना खांब नाहीत, विटांच्या भिंतीच स्लॅब पेलतात. बाकीच्या अकरा घरांवर पंचवीस-तीस वर्षांत एकेक, दोन-दोन मजले चढले. आमचंच बुटकं राहिलं. बाबा, म्हणजे हेमचंद्र वालूरकर, मार्चमध्ये सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, हातात रक्कम आली, आणि त्यांनी ठरवलं की पुढची खोली आणि मधली खोली यांच्यातली भिंत काढून एक मोठी बैठक करायची. भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर टाकायचा. मग वर एक खोली चढवायची आणि ती भाड्यानं द्यायची.

काम सर्जेराव नावाच्या ठेकेदाराला दिलं. तो चाळिशीचा, पांढरा शर्ट, हातात दोन फोन. त्याच्या कुटुंबाची जमीन वाळूजकडे. त्यातली काही कारखान्यांत गेली, उरलेल्या जमिनीत दोन वर्षं काही पिकलं नव्हतं, पण विहिरीला अजून पाणी होतं. शहराच्या चारी बाजूंनी त्याची कामं चालू होती.

अधिक महिना बुधवारपासून लागणार होता. अधिकात नवीन कशाचा आरंभ करायचा नाही, हे आमच्या घरात इतकं पक्कं की त्यावर कधी बोलणंही होत नाही. म्हणून बाबांनी त्याआधीचा शुक्रवार धरला. गुरुवारी सर्जेराव चहाला आला तेव्हा मी शेजारीच बसले होते.

"काका, जालन्याला लोखंडाचा भाव रोज बदलतोय," तो म्हणाला. "मजूरबी उचल दिल्याशिवाय थांबत नायत. निम्मे आता द्या. निम्मे गर्डर बसल्यावर."

"निम्मे नाही," बाबा म्हणाले. "पूर्ण देतो. मुहूर्ताच्या कामाला आम्ही हातचं राखून देत नाही."

सर्जेरावानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही म्हणेन.

"बाबा, काम होईल तसे देऊ ना," मी म्हणाले.

"चारुता, ही प्रयोगशाळा नाही. माणसाशी व्यवहार आहे."

त्यांनी पाच लाखांचा धनादेश लिहिला, त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी दिला. सर्जेरावानं तो डोक्याला लावून घेतला.

"काका, तुम्ही लई साधं माणूस," तो म्हणाला.

शुक्रवारी नारळ फुटला आणि पहिला घाव पडला. मंगळवारपर्यंत भिंत गेली, राडा उचलला, चौदा टेकू लागले. गर्डर येणं तेवढं बाकी होतं.

आई, अनसूया तिचं नाव, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्या नव्या मोकळ्या जागेकडे बघत होती. "चांगलं झालं," ती म्हणाली. "पाहुणे आले तर खुर्च्या नकोत. एकेकानं एकेका टेकूला टेकून बसावं."

बाबा हसले. देवांवरची धूळ ते स्वतः पुसत होते.

त्याच संध्याकाळी मी एक साधन तयार केलं. भीती वाटली म्हणून नाही. वीस फुटांचा स्लॅब मधल्या भिंतीशिवाय किती वाकतो, हे मला बघायचं होतं. भिंत काढल्यावर स्लॅबच्या मध्यावर नव्या पंख्यासाठी हुक बसवला होता. त्याला बारीक तार बांधून खाली आणली आणि तिच्या टोकाला अर्धा किलोचं वजन लावलं. शेजारी उंच स्टुलावर एका खिळ्याभोवती फिरेल अशी खराट्याची लांब काडी बसवली. काडीचं आखूड टोक तारेला बांधलं, लांब टोकामागे आलेखाचा कागद चिकटवला. लांब बाजू आखूड बाजूच्या दहापट होती. म्हणजे स्लॅब एक मिलिमीटर खाली आला की काडीचं टोक कागदावर एक सेंटिमीटर वर चढणार. पुढच्या खिडकीतून, अंगणात उभं राहूनही ते वाचता येत होतं. त्या वेळी टोक जिथं होतं तिथं मी शून्य लिहिलं.

पहिले दोन दिवस दुपारी ऊन तापलं की तार लांबून काडी दोन-अडीच मिलिमीटर सरकायची आणि संध्याकाळी परत जागेवर यायची. तेवढं मी वजा करत असे.

शुक्रवारी मी विद्यापीठात गुणपत्रिका आणायला गेले. दुपारी परत आले तर टेकू अकरा.

"सर्जेरावांची माणसं आली होती," बाबा म्हणाले. "तीन नेले. सोमवारपर्यंत आणून देतील."

"तुम्ही नेऊ दिले?"

"त्यांचेच आहेत ते."

काडी दीडवर होती, म्हणजे स्लॅब दीड मिलिमीटर खाली. मी सर्जेरावाला फोन लावला.

"बोला ताई."

"टेकू अकराच राहिलेत."

"मोजले व्हय तुम्ही?" तो हसला. "अकरा लई झाले. असल्या स्लॅबला आठ बास व्हतात."

"आठ कशावरून?"

"अंदाजावरून. पंधरा वर्षं हेच करतोय मी ताई. तुमचं शिक्षण कशात झालंय?"

मी सांगितलं.

"मग त्यात टेकू नसतील," तो म्हणाला. "आन काकांना फोन द्या जरा."

मी फोनचा आवाज मोठा केला. बाबांनी गर्डरचं विचारलं.

"काका, गर्डर तयार हाये. पर तुम्हीच म्हणला ना, अधिकात काही करायचं नाय?"

"मी नवीन आरंभ नको म्हणालो होतो," बाबा म्हणाले. "आरंभ झालेला आहे. चालू काम थांबवायचं नसतं."

"गर्डर नवीनच की काका. जुना गर्डर व्हता का तिथं?"

मला वाटतं, बाबांना त्या क्षणी खरंच शंका आली असावी. फोन ठेवल्यावर त्यांनी पंचांग काढलं आणि बराच वेळ चाळलं.

"सोळा जुलैला संपतोय अधिक," ते शेवटी म्हणाले. "सत्तावीस दिवसांचा प्रश्न आहे. माणसानं शब्द दिलाय."

टेकू सोमवारी आले नाहीत. मंगळवारी, मी पिठाच्या गिरणीत असताना, आणखी तीन गेले. उरले आठ. काडी चार पूर्णांक दोनवर.

मी स्वतःच टेकू भाड्यानं आणायचं ठरवलं. क्रांती चौकाच्या पलीकडे सेंटरिंगचं सामान भाड्यानं देणारी दोन दुकानं होती. दोन्ही ठिकाणी गोदाम रिकामं. एका दुकानात कडुबा नावाचे म्हातारे मालक पंख्याखाली बसले होते.

"पाऊस नाही, पाणी नाही, तरी सगळ्या गावात स्लॅब चालूयत," ते म्हणाले. "टँकरच्या पाण्यावर बांधतायत लोक. आठ दिवसांनी या. आन टेकू नुसता न्यायचा नसतो पोरी. लावायला माणूस लागतो. चुकीच्या जागी जोर दिला तर टेकूच स्लॅब फोडतो."

"आमच्या स्लॅबला सध्या आठ आहेत."

"किती फूट?"

"वीस बाय दहा. मधली भिंत काढलीय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "आत राहता तुम्ही?"

"हो."

"नका राहू," ते म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

हे मी घरी जसंच्या तसं सांगितलं. आई लगेच म्हणाली, "मी आजच बोचकी बांधते. सावनीकडे जाऊ गारखेड्याला." सावनी माझी मावशी.

"देव?" बाबांनी विचारलं.

"देवही नेऊ की."

"अधिकात देव हलवत नाहीत."

"अधिकात भिंत नसलेली चालते, देव हललेले चालत नाहीत," आई म्हणाली. "छान आहे."

पण बाबा उठले नाहीत. शेवटी तडजोड अशी झाली की झोपायचं मागच्या खोलीत, जिथल्या भिंती शाबूत होत्या, आणि बैठकीत कामाशिवाय कुणी जायचं नाही. काम फक्त एक होतं. बाबा रोज सकाळी दहा वाजता कोनाड्यासमोर पाट टाकून अधिक महिन्याची पोथी वाचत. रोज एक अध्याय. अध्याय सुरू झाला की संपेपर्यंत बोलायचं नाही आणि उठायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला नेम. पाटाच्या बरोबर वर दुसऱ्या आणि तिसऱ्या वाशामधली जागा येत होती. त्या जागेचे दोन्ही टेकू गेले होते.

मी अध्यायांची वेळ घड्याळ लावून मोजली. सर्वांत छोटा नऊ मिनिटांचा, सर्वांत मोठा एकवीस.

जूनच्या सुरुवातीला दोन सरी आल्या होत्या, त्यानंतर आभाळ कोरडं. महापालिकेचं पाणी पाचव्या दिवशी यायचं, पाऊण तास, बारीक धारेनं. आमच्या गच्चीवर हजार-हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या आहेत, खालून एका नळीनं जोडलेल्या. गल्लीतून पाइप पोहोचावा म्हणून त्या पुढच्या बाजूला ठेवलेल्या. त्या वर्षी त्यांच्या तळाला कधी वीतभर पाणी असायचं, कधी तेही नसायचं. अंगणातल्या काळ्या मातीला भेगा पडल्या होत्या. त्यांतली सर्वांत मोठी मी मोजली होती: रुंदी चार सेंटिमीटर, खोली एकसष्ट. त्यापुढे पट्टी जाईना.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आईनं समोरच्या वच्छलाबाईंबरोबर मिळून टँकर मागवला. वच्छलाबाई एकट्याच राहत, आणि गल्लीतल्या प्रत्येक टँकरवाल्याचा नंबर त्यांच्याकडे असे.

"हा नवा आहे," त्या म्हणाल्या. "स्वस्त देतो, आन वेळेवर येतो. अशी माणसं राहिली नायत."

टँकर आला. जुनीच गाडी, पण रंग ताजा, निळा. मागे पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मोनिका वॉटर सप्लाय', आणि खाली फोन नंबर. तो नंबर मला पाठ होता. गेल्या तीन आठवड्यांत मी तो बत्तीस वेळा लावला होता.

"ही गाडी कुणाची?" मी ड्रायव्हरला विचारलं. त्याचं नाव फकिरा. मान लांब, बोलणं गोड.

"सर्जेराव शेठची. मोनिका त्यांची पोरगी. मागच्या महिन्यात घेतली ताई, रोख पैशात. लई नशिबाची गाडी, एक दिवस उभी राहत नाय."

त्याच दुपारी मी वाळूजच्या बसनं गेले. मेन रोडपासून आत दीड किलोमीटरवर सर्जेरावाची विहीर होती. पाच टँकर ओळीनं उभे, मोटर चालू, आणि सर्जेराव बाभळीखाली खुर्चीत. मला बघून तो उठला, दुसरी खुर्ची ओढली, पाण्याचा तांब्या पुढे केला.

"एवढ्या उन्हात कशाला आलात ताई? फोन करायचा."

"बत्तीस केले."

"व्हय का?" तो ओशाळला, पण फार नाही. "बोला."

"आमच्या गर्डरच्या पैशाचा टँकर घेतलात?"

त्यानं तोंडावरून रुमाल फिरवला.

"हे बघा, खोटं बोलत नाय. बांधकामात आता पैसा अडकतो. पाण्यात फिरतो. तुमचा पैसा मी बुडवला नाय, त्याला चाकं लावली. अधिक संपला की गर्डर. तवर दुप्पट झालेला असंल, मग तुमचं वरचं कामबी मी जोरात करून देईन."

"स्लॅब साडेसहा मिलिमीटर खाली आलाय."

"मिलिमीटर?" त्यानं अंगठा आणि बोट जवळ आणून फट दाखवली. "येवढं? ताई, एवढं तर माझ्या घराचं दारबी उन्हाळ्यात हलतंय."

"टेकू परत द्या. सहाच तर आहेत."

"पाठवतो. हर्सूलचं काम झालं की पयले तुमचे." मग अगदी मनापासून म्हणाला, "काकूंना पाण्याचा त्रास होत असंल ना? तेवढं माझ्यावर सोडा. आता पाणी कमी पडू देणार नाय. पैसे नकोत. काकांनी माझ्यावर विश्वास टाकलाय, मीबी माणूस हाये."

मी परतीच्या बसमध्ये स्लॅबचं वजन काढलं. क्षेत्रफळ, जाडी, काँक्रीटची घनता. आठ टेकूंवर ते कसं वाटलं जाईल, याची आकृती तिकिटाच्या मागे काढली. पाण्याचा विचार मी केला नाही. टाक्या रिकाम्या होत्या, रिकाम्याच असायच्या, आणि मी त्या हिशेबात धरल्याच नाहीत. ही चूक माझी.

गुरुवारी, नऊ जुलैला, सकाळी दहाला बाबा पाटावर बसले. त्याआधी पाच मिनिटं मी काडी वाचली होती: सहा पूर्णांक आठ. आई मागे धुणं काढत होती. मी मागच्या खोलीत वाचत बसले होते. गल्लीत गाडी थांबल्याचा आवाज आला, तो वच्छलाबाईंकडचा असेल असं वाटलं. मग पंप सुरू झाला आणि थोड्या वेळानं आमच्याच डोक्यावर पाणी कोसळल्याचा घुमा आवाज येऊ लागला.

आई पुढे डोकावून ओल्या हातांनी धावत परत आली. तिचा चेहरा फुलला होता. "सर्जेरावांनी पाठवलंय! ड्रायव्हर दोन्ही टाक्या भरून देतोय म्हणाला. फुकट!"

मी पुढे धावले. बैठकीच्या दारातून काडी दिसली. अकरावर होती. मी बघत असतानाच ती पुढच्या रेषेवर गेली.

"बाबा, बाहेर या!"

बाबा पोथीवर वाकले होते. त्यांनी डोकं हलवलं नाही. डावा हात थोडा उचलला, थांब म्हणाल्यासारखा, आणि वाचत राहिले. तोंडातल्या तोंडात, एका लयीत.

मी मागच्या दारानं, रांगेमागच्या बोळातून वळसा घालून गल्लीत आले. फकिरा पंपाशी उभा होता.

"बंद करा!"

"काय झालं ताई? दीड हजार लिटर गेलं, बस आता थोडंच..."

"बंद करा म्हणते ना!"

त्यानं पंप बंद केला. दीड हजार लिटर म्हणजे दीड टन. सिमेंटच्या तीस गोण्या. गच्चीवर जाऊन उपयोग नव्हता, माझंही वजन त्यात पडलं असतं.

"पाइपचं टोक टाकीत कुठपर्यंत आहे?"

"तळाला. वर ठेवला तर उडी मारतो ना."

"मग पंपापासून पाइप सोडा. खाली गल्लीत टाका."

"सगळं पाणी उलटं येईल ताई!"

"तेच पाहिजे."

त्याला वाटलं, मला उन्हानं काहीतरी झालंय. मी स्वतःच पाइपची कडी ओढू लागले तेव्हा त्यानं हात लावला. पाइप सुटला, फकिराच्या पायावर आपटला आणि त्यातून पाणी जोरानं गल्लीत उसळलं. वरून आलेलं पाणी त्याच वाटेनं परत खाली येत होतं. मी घड्याळ बघितलं. दहा वाजून नऊ.

आई अंगणात आली आणि तिनं गल्लीतून वाहणारं पाणी पाहिलं. ती ओरडली नाही. तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अगं, काय करतेस तू हे? काय करतेस?" मग ती आत वळणार, बादली आणायला, तेव्हा मी तिचा दंड धरला.

"आत जायचं नाही. बाबांना हाक मार. तुझं ऐकतील."

वच्छलाबाई कळशी घेऊन आल्या, त्यांच्या मागे आणखी सात-आठ घरची माणसं, हातात येईल ते भांडं घेऊन. पाइपच्या तोंडाशी रेटारेटी झाली. "वालूरकर वेडे झाले का?" कुणीतरी म्हणालं. "होऊ दे, तवर भरून घे," दुसरं कुणीतरी. एका हंड्यावर दुसरा आदळला. त्या सगळ्या गलक्यात आई खिडकीच्या गजांना धरून हाका मारत होती, आणि तिच्या आवाजाच्या मधल्या फटींतून बाबांचं वाचन ऐकू येत होतं. ते मोठ्यानं वाचू लागले होते.

मी तिच्या शेजारी जाऊन काडी पाहिली. चौदा पूर्णांक एक.

मग एक आवाज आला. मोठा नव्हता. सुकलेलं लाकूड गुडघ्यावर मोडल्यासारखा. तिसऱ्या वाशाच्या टोकाखालचा लाकडी टेकू, ज्याच्या बुडाशी विटेचे तुकडे होते, तो एका बाजूला सरकला होता. पडला नाही. छतातून चुन्याचा एक पातळ पापुद्रा सुटला आणि बाबांच्या उजव्या खांद्यावर पडला.

बाबांनी खांद्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग पोथीकडे. अजून पान-दीड पान बाकी असावं.

"अहो," आई म्हणाली. आता ती हाक मारत नव्हती, नुसतं बोलत होती. "उद्यापासून वाचायला तुम्ही हवेत ना?"

बाबांनी पानावर तुळशीचं पान ठेवलं, पोथी मिटली आणि तशीच हातात घेऊन उठले. पाट उचलला नाही. देवांकडे पाठ न करता मागे मागे सरकत ते मागच्या दारापर्यंत गेले. त्याला किती वेळ लागला, ते मी मोजलं नाही.

दहा वाजून सोळा मिनिटांनी पाइपचं पाणी थांबलं. फकिरानं पाइप झटकला. शेवटची अर्धी बादली एका बाईच्या कळशीत गेली.

आम्ही समोर वच्छलाबाईंच्या ओट्यावर बसलो. बाबांच्या मांडीवर पोथी. त्यांच्या शर्टावर चुन्याचा डाग तसाच होता, आईनं पदरानं पुसला तरी गेला नाही. फकिरानं सर्जेरावाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"टेकू आत्ता पाठवा," मी म्हणाले. "आत्ता."

पलीकडे मोटर चालू होती. मग तो म्हणाला, "ताई, कालच स्लॅब टाकलाय हर्सूलला. तुमचे टेकू त्याच्याखाली हायेत. ओला स्लॅब हाये. आता हात लावला तर तिथं सहा माणसं झोपतात खाली."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "घरात जाऊ नका."

अग्निशमन दलाचा एक माणूस मोटरसायकलवर आला, त्यानं खिडकीतून आत पाहिलं, डाव्या-उजव्या घरांतल्या लोकांनाही बाहेर काढलं आणि दोरी बांधून गेला. महापालिकेचा अभियंता संध्याकाळपर्यंत येईल म्हणाला. कडुबांच्या दुकानातून उद्या चार टेकू मिळतील, असा निरोप आला.

"पाणी गेलं ना आता," बाबा म्हणाले. "ओझं उतरलं. काडी परत खाली यायला हवी. रोज दुपारनंतर यायची तशी."

"यायला हवी," मी म्हणाले.

"आली तर मी आत जाणार. देवांना नैवेद्य नाही झालेला."

"आणि नाही आली तर?"

"नाही आली तर नाही जाणार."

"उद्याही नाही?"

"चारुता, मी सांगितलं तुला. दर तासाला वाचू. तुझ्याच कागदावर."

अंगणाचं फाटक ओलांडायला दोरीवाल्यानं मना केलं होतं. वच्छलाबाईंच्या गच्चीवरून समोरच्या खिडकीतून काडी सरळ दिसत होती. त्यांच्या नातवानं पक्षी बघायला आणलेली दुर्बीण त्यांच्याकडे पडून होती. तिच्यातून रेषा स्पष्ट वाचता येत होत्या. मी वाचत होते, आई वहीत लिहीत होती. दोन वाजता बाबा जिना चढून वर आले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि दुर्बीण मागितली. त्यापुढचं वाचन त्यांनी केलं.

अकरा वाजता: तेरा पूर्णांक चार.

बारा वाजता: तेरा पूर्णांक नऊ.

एक वाजता: चौदा पूर्णांक नऊ.

दोन वाजता: सोळा पूर्णांक नऊ.

तीन वाजता: वीस पूर्णांक आठ.